न जाणारे दुखणे आणि मनाचा आधार

(आपल्या उत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वक्ता नाही. नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि इतकी वर्षे वॅगनची चाके, ॲक्सल आणि ब्रेक बघण्यात गेली. समितीने मला "आरोग्य" या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हणालो, "आरोग्यावर बोलणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. मला अनारोग्यावर बोलू द्या, त्याचा मला पंधरा वर्षांचा अनुभव आहे." समितीने हसून मान्यता दिली, त्याबद्दल आभार.

आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल की आरतीच्या वेळी मी नेहमी मागे, मंडपाच्या खांबाला टेकून उभा असतो. मी खाली वाकून नमस्कार करीत नाही. प्रसादाच्या पंगतीला मांडी घालून बसत नाही. "साहेबांना फार मोठेपणा आहे," असे कोणीतरी म्हटल्याचे माझ्या कानावर आले आहे. राग नाही. दिसते तसेच माणूस समजतो. पण आज त्याचे कारण सांगून टाकतो.

मी एकतीस वर्षांचा होतो. पहाटे उठताना कंबर लाकडासारखी आखडायची. तासभर चालले-फिरले की सुटायची. दिवसभर काम करू शकायचो आणि पुन्हा दुसऱ्या पहाटे तेच. कोणी म्हणाले गादी बदला, कोणी म्हणाले पट्टा बांधा. एका दवाखान्यात तर सांगितले, विश्रांती घ्या, आणि मी रजा घेऊन पडून राहिलो. दुखणे दुप्पट झाले. पुढे कळले की या आजारात पडून राहणे हेच सर्वांत वाईट. सहा वर्षे अशी गेल्यावर नागपूरच्या संधिवाततज्ज्ञाने रक्त तपासून, फोटो काढून नाव सांगितले, अंकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, पाठीच्या कण्याला सूज येते आणि हळूहळू मणके एकमेकांना चिकटू शकतात. बहुतेकांना हा ऐन तारुण्यातच धरतो. मी विचारले, "डॉक्टरसाहेब, बरा कधी होईन?" ते म्हणाले, "पूर्ण बरे होण्याचे औषध आजतरी नाही. पण रोज व्यायाम केला, औषध घेतले तर नीट राहाल."

"बरे होणे" आणि "नीट राहणे" यांत किती अंतर आहे, ते त्या दिवशी मला कळले नाही. ते कळायला पुढची चार वर्षे लागली.

पहिली गोष्ट गेली ती पिट. वॅगनखाली उतरून, मान वर करून ब्रेकचे जोड तपासणे हे माझे काम आणि माझा अभिमान होता. मान वर होईना, कंबर वाकेना. शेवटी मला टेबलावरच्या कामाला लावले. पगार तोच, पण मला वाटायचे की आता आपण फक्त कागद हलवतो. आमच्या गँगमधला एक जुना छत्तीसगढी फिटर रोज जिना चढून येऊन विचारायचा, "का होगे साहब?" मला त्याचाही राग यायचा.

दुसरी गोष्ट गेली ती झोप. आणि तिसरी, सांगताना लाज वाटते, ती म्हणजे बाप्पा. झाले असे की एका नातेवाइकांनी फोनवर मोठ्या प्रेमाने सांगितले, "मागच्या जन्मीचे काहीतरी राहिले असेल रे, ते फेडूनच जावे लागते." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण रात्रभर मी एकच हिशेब करीत बसलो की मी केले काय? त्या वर्षी घरी गणपती आणायला मी गेलो नाही. पत्नी आणि मुलगी दोघी जाऊन मूर्ती घेऊन आल्या. आरती चालू असताना मी आतल्या खोलीत दार लोटून पडलो होतो. मुलीने दाराशी येऊन विचारले, "बाबा, तुम्ही बाप्पाशी भांडलात का?" मी उत्तर दिले नाही. पुढच्याही वर्षी तेच झाले. पत्नीने एकदाही मला टोकले नाही. फक्त आरतीचे ताट तेवढे आत आणून माझ्यासमोर धरायची आणि परत न्यायची.

मित्रहो, आज मला ज्याविषयी बोलायचे आहे ते हेच आहे. शरीराला लागलेला आजार मनाच्या आत, अगदी श्रद्धेपर्यंत कसा उतरतो, आणि तिथे आधार कसा मिळतो.

डिसेंबर २०१८ मध्ये वॅगनच्या एका कामासाठी मला चांप्याला जावे लागले. काम दुपारीच संपले. सोबतचा सहकारी म्हणाला, जवळच सोठीला आश्रम आहे, तुमच्या महाराष्ट्राच्या माणसांनी चालवलेला, बघून येऊ. आपल्यापैकी किती जणांना ही गोष्ट माहीत आहे, मला ठाऊक नाही. मला तरी माहीत नव्हती, आणि ती तर आपल्या रेल्वेच्याच माणसाची गोष्ट आहे.

सदाशिवराव गोविंद कात्रे. जन्म १९०९, मध्यप्रदेशातला. झाशीला रेल्वेत नोकरीला होते. त्यांना कुष्ठरोग झाला. तो काळ असा की या रोगाचे नाव निघताच घरचे दार बंद व्हायचे. रेल्वेची नोकरी मागे पडली. उपचारासाठी ते छत्तीसगढच्या भागात आले आणि इथे त्यांनी स्वतःसारखीच टाकून दिलेली माणसे पाहिली. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते आणि गोळवलकर गुरुजींनी त्यांना प्रोत्साहन दिले होते. १९६२ साली या माणसाने, जो स्वतः रोगी होता, चांप्याजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. चांप्यात ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय त्याच्या कितीतरी आधीपासून होते, हेही सांगितले पाहिजे. त्या परिसराला या रोग्यांच्या सेवेचा जुना वारसा आहे. कात्रेजी १९७७ मध्ये वारले. त्यांच्यानंतर हे काम दामोदर गणेश बापट यांनी सांभाळले. ते अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आले ते कायमचेच. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते गेले. त्यांचा देहही त्यांनी दान केला.

मी गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. भजन चालू होते. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या दोन्ही हातांची बोटे जवळजवळ नव्हतीच. मंजिरीच्या दोऱ्या त्यांनी मनगटांना बांधल्या होत्या आणि ठेका एकदाही चुकत नव्हता. भजन संपल्यावर ते स्वतःच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्हाला उभे राहायला त्रास होतो वाटते. बाक आहे, बसा." मला बसायला त्यांनी सांगितले! मी त्यांना विचारले, "तुम्हाला देवाचा राग येत नाही का?" ते म्हणाले, "यायचा. मग इथे नव्या आलेल्या पोराला पायाची जखम कशी धुवायची ते शिकवायचे काम मला दिले. तेव्हापासून रागाला सवड होत नाही."

त्यांनी काही तत्त्वज्ञान सांगितले नाही. पण परतताना गाडीत माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होते. त्यांच्याकडे एक काम होते, जे त्यांच्या आजारामुळेच त्यांना इतरांपेक्षा चांगले करता येत होते.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. इंजिनिअर माणूस, मोजमाप असल्याशिवाय समाधान होत नाही. तर मनाच्या या आधाराचेही मोजमाप लोकांनी केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये आरोग्याची व्याख्या केली तेव्हा शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य असे तीन भाग सांगितले. १९८४ च्या तिच्या सभेत आध्यात्मिक बाजूचाही विचार झाला पाहिजे असा ठराव झाला. अमेरिकेत कर्करोग व इतर दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. जगण्याला अर्थ वाटतो का? मनात शांती आहे का? आणि श्रद्धेचा आधार मिळतो का? त्यात कोणता देव, कोणता धर्म, हे विचारत नाहीत. नास्तिकालाही पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतात.

अर्थ म्हणाल तर आपल्या मराठी माणसाला त्याचे उदाहरण दूर शोधायला नको. वर्धा-बल्लारशा लाइनवर वरोरा स्टेशन आहे, तिथले आनंदवन. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांची पाठ माझ्यापेक्षा वाईट होती, हे मला तरी उशिराच कळले. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांच्या विकारामुळे आयुष्याची अनेक वर्षे ते बसूच शकत नव्हते. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. अशा स्थितीत १९८५ मध्ये भारत जोडो यात्रा घेऊन ते कन्याकुमारीहून निघाले. तरुण मुले सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे पडून. १९९० मध्ये नर्मदेच्या काठावर जाऊन राहिले तेही याच पाठीने. दुखणे गेल्यावर काम करू, असे ते म्हणत बसले असते तर काम कधीच झाले नसते.

लंडनच्या डॉ. सिसिली साँडर्स यांचीही पाठच दुखायची. त्यामुळे त्यांना नर्सचे काम सोडावे लागले. मग त्या रुग्णांच्या समाजसेविका झाल्या, पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी असाध्य रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले. त्या "संपूर्ण वेदना" म्हणायच्या. शरीराची, मनाची, घरादाराची आणि आत्म्याची अशी वेदना एकत्रच असते. एकीवरच औषध दिले तर बाकीच्या तशाच राहतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे आपल्या देशातले अशा प्रकारचे पहिले केंद्र.

आता ज्या विषयाने मला दोन वर्षे खोलीत कोंडले, त्या "मागच्या जन्मीच्या" विषयावर येतो. अमेरिकेतच रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे सहाशे वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकून दिले, देवाचे आपल्यावर प्रेम नाही, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे श्रद्धा आधार देते, तशी ती चुकीच्या बाजूने वळली तर काट्यासारखी आत रुतते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, आजारी माणसाला त्याच्या पापाचा हिशेब सांगू नका. कुष्ठरोगालाही हजारो वर्षे पापाचे फळ म्हणत आले. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी त्याचा जंतू शोधून काढला. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग बरा होऊ लागला. पाप असते तर गोळीने कसे गेले असते? तरीही "लेपर्स ॲक्ट" नावाचा १८९८ चा कायदा रद्द व्हायला आपल्याकडे २०१६ उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून काढायला २०१९. जंतू आधी गेला, कलंक मागे राहिला.

आपल्या भागात आणखी एक दुखणे आहे, जे बाहेरून दिसत नाही. ते म्हणजे सिकलसेल. छत्तीसगढ आणि आपला विदर्भ, दोन्हीकडे ते आहे. आईबापांकडून येते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, ताप, कशानेही असह्य कळा सुरू होतात आणि चार दिवसांनी माणूस पुन्हा धडधाकट दिसतो. आपल्या खात्यात किंवा उरला-सिलताऱ्याच्या कारखान्यांत असा एखादा पोरगा वारंवार रजा टाकतो आणि आपण त्याला कामचुकार म्हणतो. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्यप्रदेशात शहडोलला सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे. लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्या, हे मी इथे बसलेल्या तरुणांना आवर्जून सांगेन. पत्रिका जुळवतो, तसा हा कागदही जुळवावा. पण जे आज हे दुखणे घेऊन जगत आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवणे हे आपल्याच हातात आहे. "तुझे दुखते हे मला मान्य आहे," हे वाक्य ऐकायला मी सहा वर्षे थांबलो होतो.

एक धोक्याची सूचनाही देतो. मनाचा आधार म्हणजे औषधाला पर्याय नव्हे. कुणी सांगितले म्हणून गोळ्या बंद करून अंगारा लावणारे मी पाहिले आहेत. चांप्याच्या त्या आजोबांची श्रद्धा कोणापेक्षा कमी नव्हती, पण बधिर पाय रोज पाण्यात भिजवणे, तेल लावणे, जखम झाली का ते डोळ्यांनी बघणे, हे ते पूजेइतक्याच नेमाने करीत. माझा रोजचा पाऊण तासाचा व्यायाम आता माझी पूजाच आहे. त्यानंतर देवापुढे हात जोडतो.

वर्कशॉपच्या मंडळींना माझी गोष्ट लवकर कळेल. बिघडलेली वॅगन आपण सिक लाइनवर घेतो. दुरुस्त झाली की ती गाडीला लागते, अगदीच निकामी असेल तर कंडेम होते. मला वाटायचे माणसालाही हेच दोन रस्ते, एक तर बरा व्हा नाहीतर बाजूला व्हा. पण लाइन कच्ची असेल तर आपण गाडी बंद करतो का? कॉशन ऑर्डर देतो. ड्रायव्हर तेवढ्या भागात वेग कमी करतो आणि गाडी पोचते. उशिरा पोचते, पण पोचते. दीर्घ आजाराचा माणूस कॉशन ऑर्डर घेऊन चाललेला असतो. त्याला मागून हॉर्न मारू नये.

आणि घरच्यांना विसरू नका. आजारी माणसाची चौकशी सगळे करतात. त्याच्या बायकोला, आईला, मुलाला "तुम्ही कशा आहात?" असे कोणी विचारत नाही. माझ्या पत्नीला मी स्वतःच हे विचारायला फार उशीर केला. ज्या दिवशी विचारले, त्या दिवशी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मला फक्त एवढेच पाहिजे होते की आरतीला तुम्ही बाहेर बसावे. हात जोडले नाहीत तरी चालेल."

२०१९ च्या चतुर्थीला मी बाहेर येऊन बसलो. खुर्चीवर. मुलीने मूर्तीकडे बोट दाखवून म्हटले, "बाबा, बाप्पाचा पण एक दात तुटलेला आहे." लहानपणापासून एकदंत, एकदंत म्हणत आलो, पण त्या नावाचा अर्थ मला त्या दिवशी लागला. ज्याचे पहिले पूजन करायचे तो देवच अंगाने अखंड नाही, आणि त्याला कोणी अपूर्ण म्हणत नाही. मी भांडण मिटवले. सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली असे नाही. पाठ आजही दुखते. हे भाषण संपल्यावर मला दहा मिनिटे चालावे लागेल.

शेवटी समितीला आणि आपणा सर्वांना चार छोट्या सूचना. पहिली, मंडपात पुढच्या रांगेत दहा-बारा खुर्च्या आजारी व वृद्धांसाठी राखून ठेवाव्यात, म्हणजे माझ्यासारख्यांना खांब शोधावा लागणार नाही. दुसरी, दहा दिवसांतली एक आरती, आपल्या वस्तीत जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या घरी जाऊन करावी. पाच माणसे गेली तरी पुरे, आणि उपदेश न करता यावे. तिसरी, रेल्वेत कर्करोग, मूत्रपिंड, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा रुग्णांना उपचाराच्या प्रवासासाठी भाड्यात सवलत आहे, संसर्ग नसलेल्या कुष्ठरुग्णांना ७५ टक्के आहे. अनेकांना ती माहीतच नसते. फॉर्म भरून देण्याचे काम मी करीन, निःसंकोच घरी या. चौथी, आजारी माणसाला त्याला झेपेल असे एखादे काम द्या. वर्गणीचा हिशेब, स्मरणिकेची मुद्रिते तपासणे, मुलांना आरत्या शिकवणे, काहीही. दया दाखवली की माणूस आणखी लहान होतो, काम दिले की तो उभा राहतो. मी हे माझ्या टेबलावर बसून शिकलो. ज्या कागदांचा मला राग होता, त्याच कागदांवर आज मी नव्या मुलांना पिटमधले बारकावे शिकवतो. आणि तो जुना फिटर निवृत्त होताना मला शेवटचे विचारून गेला, "का होगे साहब?" या वेळी मी म्हणालो, "काही नाही दादा, चालले आहे."

श्रीगणेश आपणा सर्वांना आरोग्य देवो, आणि जिथे आरोग्य देणे त्याच्याही हातून राहून गेले असेल, तिथे सोबत देवो.

गणपती बाप्पा मोरया!